वायर दिसता कामा नये

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये एखाद्या छोट्या गाडीची डिकी उघडी असावी, मागची सीट आडवी पाडलेली असावी आणि डिकीतून चपलेसकट दोन पाय बाहेर आलेले असावेत. घाबरायचं कारण नसतं. आमचे नाना मागचा डॅशकॅम बसवत असतात.

नाना बँकेतून निवृत्त झाले. वायरशी त्यांचा आयुष्यभराचा संबंध टेबलफॅनच्या प्लगइतकाच. पण ही जात जुनी आहे. हीच माणसं पूर्वी गच्चीवर अँटेना फिरवत ‘आलं का? आता आलं का?’ असं ओरडायची. अँटेना गेले, माणसं शिल्लक राहिली.

पुढचा कॅमेरा कुणीही लावतो, असं नानांचं मत आहे. ‘काचेला चिकटवला, लायटरच्या सॉकेटात पिन खुपसली, झालं. त्यात काय कर्तृत्व?’ खरा कस मागच्या कॅमेऱ्याचा, आणि त्यातही हॅचबॅकचा. सेडानची मागची काच बिचारी जागच्या जागी असते. हॅचबॅकची काच डिकीच्या दाराबरोबर वर जाते, म्हणजे वायरनंही रोज वरखाली करायचं. लोक वायर सरळ दाराच्या फटीतून घेतात. दार आपटून आपटून ती चेपते, बीडिंग नीट बसत नाही आणि पहिल्याच पावसात डिकीत तळं होतं. असली वायर परक्याच्या गाडीत दिसली तरी नाना सिग्नलला काच खाली करून त्याला सांगतात.

खरा मार्ग एकच. डिकीच्या बिजागरीजवळ एक रबरी नळी असते. कंपनीच्या वायपरच्या, डीफॉगरच्या, नंबरप्लेटच्या दिव्याच्या वायरी त्यातूनच दारात जातात. आपली वायरही तिथूनच गेली पाहिजे. ‘वायर दिसता कामा नये,’ हे नानांचं ब्रीदवाक्य. ‘वायर कापता कामा नये,’ हे दुसरं, कारण कापली की वॉरंटी गेली. दुकानात हे काम तासाभरात होतं म्हणून सांगून बघा. ‘तासाभरात होतं ना? मग कसं होत असेल ते बघ,’ असं म्हणून नाना चष्म्यावरून बघतात.

सामानाची खरेदी हा वेगळा सोहळा. फ्यूज टॅप, इन्सुलेशन टेप, मल्टिमीटर हे सगळं तपकीर गल्लीतून येतं, आणि दोन रुपयांच्या घासाघिशीसाठी नाना तीस रुपयांचं पार्किंग भरतात. ट्रिम उचकटायला प्लॅस्टिकच्या पट्ट्या मिळतात, पण तिथे मात्र नाना स्वदेशी. मुदत संपलेलं एटीएम कार्ड ते खांबाच्या प्लॅस्टिकखाली सरकवतात, कानोसा घेतात आणि ‘टक्’ झालं की म्हणतात, ‘क्लिप निघाली. तुटली नाही.’ पुष्कळदा तुटलेली असते. काम संपल्यावर दोन-तीन क्लिपा हातात उरतात, त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: ‘कंपनी जास्तीच्या देते.’

एकट्यानं काम करणं मात्र नानांच्या धर्मात बसत नाही. बॅटरी धरायला कुणीतरी लागतं, आणि खालच्या मजल्यावर राहतो म्हणून ते माझ्या नशिबी येतं. ‘जरा डावीकडे धर. अरे, तुझं डावं नव्हे, माझं डावं.’ नाना उताणे असतात. त्या रबरी नळीत आधीच एवढी गर्दी असते की नव्या वायरची पिन काही केल्या शिरत नाही. मग सायकलच्या ब्रेकची जुनी तार आत सारायची, तिच्या टोकाला पिन टेपनं गुंडाळायची, वर शाम्पूच्या पाकिटातला थेंब चोळायचा आणि पलीकडून ओढायचं. नाना ओढतात. तार येते. टेप येते. पिन येत नाही. ‘टेपमध्ये आता राम राहिला नाही,’ असं म्हणून नाना पुन्हा गुंडाळायला घेतात, यावेळी पुढे निमुळतं, मागे जाड. चहा गार होतो. माझा हात अवघडतो. आणि मग एकदम शाम्पूच्या फेसासकट ती पिन सुळकन बाहेर येते. त्या क्षणी नानांच्या चेहऱ्यावर जे काही असतं, ते त्यांच्या मुलाचा बारावीचा निकाल लागला तेव्हाही मी पाहिलेलं नाही.

पुढचं काम सरळ. छताच्या अस्तराच्या कडेनं वायर पुढे न्यायची, आणि गाडीला पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल तर तिच्या मागून, पुढून नव्हे. याबाबतीत नाना अजिबात तडजोड करत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मग काकूंना चावी देऊन पुढे बसवतात. ‘फिरव. बंद. फिरव.’ कुठला फ्यूज चावीबरोबर जागा होतो आणि कुठला कायम जागा असतो, हे मल्टिमीटरवर बघायचं असतं. कॅमेऱ्यानं गाडीची बॅटरी उतरवू नये म्हणून तिची नोंद नाना बीपीच्याच वहीत ठेवतात. डाव्या रकान्यात 130/84, उजव्या रकान्यात 12.6. उजवा रकाना 12.2 झाला की त्यांना डाव्याची गोळी घ्यावी लागते.

सगळं झालं की प्रदर्शन. काकू पुन्हा तीन जिने उतरून खाली येतात.

‘काय दिसतंय?’ नाना विचारतात.

‘काही नाही.’

‘तेच तर!’

या कलेची हीच अडचण आहे. काम जितकं चोख, तितकं दाखवायला काही उरत नाही. म्हणून मग नाना येईल त्याला डिकीपाशी नेऊन वायर कुठून कुठे गेली ते हवेत बोटानं काढून दाखवतात.

रात्री मालिकेच्या वेळी टीव्हीवर मागच्या कॅमेऱ्याचं चित्रण लागतं. नाना चाळीसच्या वर जात नाहीत, त्यामुळे मागे कायम रांग. ‘बघ, किती शिस्तीत येतायत लोक,’ असं ते कौतुकानं म्हणतात. रांगेतल्या लोकांचे चेहरे जवळून बघायची मात्र आमच्यात कुणाची छाती होत नाही.

धक्का बसला की हा कॅमेरा त्यावेळची फाइल आपोआप लॉक करतो, म्हणजे ती पुसली जात नाही. अपघाताचा पुरावा राहावा हा हेतू. पण पुण्याचे रस्ते त्याला कुणी सांगितले नव्हते. महिनाभरात कार्ड भरलं: अपघात एकही नाही, खड्डे सगळे. नानांनी संवेदनशीलता कमी केली, पण खड्डे पुसले नाहीत. महापालिकेला पाठवणार म्हणतात.

एक फाइल मात्र धक्का न बसता लॉक झालेली आहे. गाडीतला आवाजही टिपला जातो, हे नाना विसरले होते. लग्नाला जाताना भोरच्या पुढे कुठेतरी ‘बहुतेक माझंच चुकलं, तू म्हणत होतीस तो फाटा बरोबर होता,’ असं ते बोलून गेले. ती तीन मिनिटं काकूंनी बटण दाबून ठेवून घेतली. नानांनी नंतर गुपचूप कार्ड काढून ती पुसायला घेतली, पण तोवर काकूंनी ती दोन्ही बहिणींना पाठवली होती.