माडीवाले काका

बदनापूरच्या स्टँडवर उतरून कोणालाही विचारा, "इथं जागा किरायानं मिळंल का?" बोट माडीवाल्या काकांच्या घराकडं जातं. सोबत एक बारीकसं हसूही येतं, त्याचा अर्थ नंतर कळतो.

खाली काका-काकू, वर तीन खोल्या, किचन, हॉल आणि जालना-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर उघडणारी गॅलरी. माडी बांधली दोन मुलांसाठी. एक पुण्याला, दुसरा हैदराबादला. हॉल दाखवताना काका चौरस फूट सांगत नाहीत. "पन्नास पानांची पंगत बसते," एवढंच. अशी पंगत आजवर एकदाच बसली, वास्तुशांतीला. जालन्याच्या सळयांचा ट्रक खालून गेला की बोलणं बुडतं. ट्रक जाईपर्यंत थांबून काका वाक्य पुरं करतात, "...एकदम शांत एरिया हाय."

मग उलटतपासणी. पाव्हणे किती येतात? कपडे हातानं धुता की मशीनवर? (बोअरचा जीव काकांनाच ठाऊक.) भिंतीत खिळा चालणार नाही. एका मास्तरांनी विचारलं, "मग कॅलेंडर कुठं लावू?" काका म्हणाले, "मोबाइलात असतंय की."

कृषी महाविद्यालयाच्या पोरांना दारातूनच वाटेला लावतात. चार सांगतात आन् नऊ झोपतात, हा अनुभव. इथल्या संशोधन केंद्रानं काढलेली बीडीएन ७११ ही तूर पाचेक महिन्यांत निघते. काकांचा किरायादार त्याच्याही आधी निघतो.

करार अकरा महिन्यांचा, बाँडवर. "अकरा महिन्याला रजिस्ट्री लागत नसते," हे काकांचं वेदवाक्य. वकील भाच्यानं एकदा समजावलं, की १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ वेगळंच सांगतं. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कैदेला काका डगमगले नाहीत. पण नोंदणी नसेल तर, उलट शाबीत होईपर्यंत, अटी किरायादार सांगेल त्याच खऱ्या, हे ऐकून मात्र हादरले.

"म्हंजे खिळ्याचं बी त्योच सांगणार?"

शेवटी मनासारखा किरायादार मिळाला. एक साहेब. मुख्यालयी राहतो असं कागदावर दिसायला हवं म्हणून इथं जागा घेतलेली, बिऱ्हाड संभाजीनगरात आणि रोजचं अप-डाउन. किराया तारखेला. पाणी नाही, पाव्हणे नाहीत, खिळा नाही. वर्ष झाल्यावर काकांनी त्यालाही जागा खाली करायला सांगितली.

"काहून हो काका? काय तरास होता?"

"काहीच नव्हता! माणूस राहीनाच तर खेकसावं कुणावर?"

बदनापूरला बदली होऊन येत असाल तर सांगतो, माडी सध्या रिकामी आहे आणि हॉल खरोखरच मोठा आहे. डिपॉझिटमध्ये एक रुपयाही कमी होणार नाही. करार तेवढा नोंदवून घ्या.