ठेवणीतला सूट

माझ्याकडे एकच सूट आहे. सासऱ्यांनी 1998 साली लग्नात दिलेला, गडद निळा, तीन बटणांचा. आजवर तो मी चार वेळा घातला. त्यातली एक वेळ नुसत्या फोटोपुरती. बाकी सगळा काळ तो ठेवणीत होता. 'ठेवणीतला' ही आमच्या घरात पदवी आहे. ठेवणीतली चादर, ठेवणीतले पंचे, ठेवणीतल्या कपबशा. चांगली वस्तू पाहुण्यांसाठी, आणि येणारे पाहुणे तितक्या लायकीचे नसल्यामुळे ती कुणासाठीच नाही.

गौरी-गणपती आटोपले, दसऱ्याला पुण्यात भाच्याचा साखरपुडा ठरला आणि मी कपाट उघडलं. रत्नागिरीत भाद्रपदात कपाट उघडायचं तर आधी श्वास रोखावा, मग दार ओढावं. मी उलटं केलं. कुबट वासाचा लोट अंगावर आला आणि त्यामागून सूट दिसला. प्लॅस्टिकच्या पिशवीत निवांत लटकत होता. खांद्यांवर पिस्त्याच्या रंगाची नक्षी, कॉलरवर पांढरी लव, आणि निळा रंग अधूनमधून, चुकून राहिल्यासारखा.

"बुरा आलाय," बायको म्हणाली.

"डांबराच्या गोळ्या होत्या की!" मी खिशातून सहा काढून दाखवल्या.

"अहो, त्या कसरीला. बुरशीला त्यांचं काय?"

इतकी वर्षं मी डांबराच्या गोळीला कपाटाची वॉचमन समजत होतो. ती फक्त किड्यांना अडवते. बुरशी तिच्या समोरून आत जाते. जाते तरी कसली, ती आधीपासूनच आत असते. तिचे बीजाणू बारा महिने हवेत तरंगत असतात. हवेतला दमटपणा 70 टक्क्यांच्या वर गेला की त्यांचं फावतं, आणि जुलैत आमची हवा नव्वदीला टेकलेली असते. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पिणाऱ्या गावात मी सूट प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवला होता. आतली ओल बाहेर पडायला वाटच नाही. वर कपाट पावसाळी भिंतीला चिकटवलेलं.

बुरशीला खायला सुती चालतं, लोकर चालते, चामड्याचा पट्टा तर फारच आवडतो; पण खरी चटक कपड्यावर राहिलेल्या घामाची, खळीची, सांडलवंडीची. मागच्या खेपेला सूट घातला तेव्हा बासुंदीचा एक ओघळ कोटावर आला होता. तो मी रुमालानं पुसून बायकोपासून सहा वर्षं लपवला. बुरशीनं त्याच्याभोवती बरोबर गोल काढून दाखवला. तपासनिसानं लाल पेन्सिलीनं काढावा तसा.

"हे काय?" बायकोनं विचारलं. मी विषय बल्बकडे वळवला.

आजोबा पावसाळाभर कपाटात 40 वॉटचा बल्ब जळता ठेवत. त्याच्या उबेनं कपडे कोरडे राहायचे. तीच परंपरा मीही चालवली, फक्त वीज वाचावी म्हणून एलईडी लावला. एलईडीला ऊब कुठली! चार महिने मी बुरशीला रात्रीची दिवाबत्ती पुरवत होतो.

आत्याला फोन लावला. "घरात झटकू नकोस हो, घरभर बी पेरशील," हे पहिलं वाक्य. "खळ्यात ने. नाकाला फडकं बांध. मऊ ब्रशनं झाड, मग ऊन दाखव. आणि वैशाखात मी पापड वाळत घालते तेव्हा तुम्ही दोघं काय करत असता?"

भाद्रपदातलं ऊन दाखवायचं म्हणजे सूट हातात घेऊन आभाळाकडे बघत उभं राहायचं. ऊन पडलं की बाहेर, सर आली की आत. एका दुपारी आम्ही नऊ फेऱ्या केल्या. सासऱ्यांनी दिल्यापासून तो सूट एवढा कधी हिंडला नव्हता. मग व्हिनेगरमध्ये पाणी घालून, आधी अस्तराच्या कोपऱ्यावर लावून पाहून, फडक्यानं हलक्या हातानं टिपलं. कुबट वास गेला आणि कोटाला चायनीजच्या गाडीचा वास यायला लागला. शेवटी लाँड्रीत दिला. लाँड्रीवाल्यानं तो दोन बोटांत धरला. "वास जाईल. डागाचं सांगत नाही."

पण डागही गेले. बासुंदीचासुद्धा. घरी आणल्यावर कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, प्लॅस्टिक फेकून दिलं, आजोबांच्या जुन्या मलमलच्या धोतराची खोळ शिवली. दमटपणा शोषणारा एक डबा आणला. पंधरा दिवसांत तो पाण्यानं भरला. खरा पाऊस कपाटातच पडत होता.

दसऱ्याला पुण्यात कडक ऊन. निघायच्या आदल्या रात्री मी खोळ उघडली.

"एवढ्या उकाड्यात सूट?" बायको म्हणाली. "घामानं भिजेल. आत्ता कुठे स्वच्छ झालाय. राहू दे ठेवणीत, चांगल्या प्रसंगाला होईल. तो पांढरा कुर्ता घाला."

कुर्ता घालून गेलो. पंगतीत बासुंदी होती. वाढणाऱ्याचा धक्का लागला आणि अख्खी वाटी माझ्या छातीवर आली.

"बघा," बायको माझ्या कानाशी कुजबुजली, "सूट असता म्हणजे?"