पुठ्ठ्याचा भाव आणि आईच्या नावानं बोंब

अहो, पिस्तूल निघालं पिस्तूल! तेही कशावरून, तर कार्डांवरून. मे २०२१ मधली गोष्ट. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं ब्रूकफिल्ड, चांगल्या घरच्या लोकांचं गाव. तिथल्या ‘टार्गेट’च्या दुकानाबाहेर, गाड्या लावायच्या जागेत, खेळाडूंच्या कार्डांवरून चौघांनी एकाला धरून बदडलं. त्यानं परवान्याचं पिस्तूल उपसलं. गोळी सुटली नाही, नशीब. पुढच्या आठ दिवसांत ‘टार्गेट’नं देशभरच्या आपल्या दुकानांतून ही कार्डं उचललीसुद्धा. भांडण ना दारूचं, ना जमिनीच्या बांधाचं. बबलगमबरोबर पोरांना मिळायची त्या चित्रांचं!

आणि हे लोण आपल्या माणसांपर्यंत पोचलेलं आहे बरं का. न्यू जर्सीतल्या एडिसनला लेकाकडे सहा महिने राहून आलेल्या आजी-आजोबांना विचारा. नातू शाळेतून आला की बेसबॉलच्या कार्डांची पाकिटं फोडत बसतो. बोललं तर वर म्हणतो, “आजोबा, इट्स ॲन इन्व्हेस्टमेंट.” आजोबा बिचारे तेव्हापासून बँकेच्या ठेवींचे व्याजदर तोंडपाठ म्हणून दाखवताहेत, ऐकतंय कोण?

नातवाला बोल लावावा, तर त्याच्याकडे दाखले तयार. ऑगस्ट २०२२ मध्ये मिकी मँटल नावाच्या खेळाडूचं १९५२ सालचं कार्ड लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. विकणाऱ्यानं ते १९९१ मध्ये ५० हजारांना घेतलं होतं. ऐकलं की कोणाचंही डोकं फिरेल. पण जरा खोलात शिरा, मग खरी मजा कळते. हे मँटलचं पहिलं कार्ड नव्हेच. पहिलं आदल्या वर्षी बोमन कंपनीनं काढलं होतं, आणि त्याला इतका भाव नाही. बरं, हे टॉप्स कंपनीचं कार्ड त्या वर्षीच्या शेवटच्या खेपेत सगळ्यात कमी छापलं होतं म्हणावं, तर तेही नाही. त्या खेपेतल्या बहुतेक कार्डांच्या दुप्पट छापलं होतं! मग एवढा मान कशाचा?

कचऱ्याचा. हो, कचऱ्याचा. टॉप्स ही ब्रुकलिनची च्युइंगगमवाली कंपनी. १९५२ मधली ही शेवटची खेप उशिरा निघाली. तोवर हंगाम सरत आलेला, पोरांचं लक्ष फुटबॉलकडे वळलेलं. माल पडून राहिला. ही कार्डं ज्यानं घडवली, तो साय बर्गर स्वतः सांगत असे, की आधी जत्रावाल्यांना पैशाला एक अशी देऊ केली, मग पैशाला दहा. तरी कोणी घेईना. शेवटी १९६० मध्ये खोकीच्या खोकी पडावात घालून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून लांब समुद्रात बुडवली! म्हणजे आपल्या एडिसनच्या नातवाच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर अटलांटिकच्या तळाशी कोट्यवधी डॉलरचा लगदा पडलाय. आजोबांना हे सांगू नका, पोहायला जातील.

जे समुद्रात गेलं नाही, ते आयांनी घालवलं. अमेरिकेतल्या सत्तरीच्या कुठल्याही पुरुषाशी पाच मिनिटं बोला, सहाव्या मिनिटाला तो म्हणणारच, “माझ्या आईनं माझी कार्डं फेकून दिली.” पोरगा कॉलेजला गेला, आईनं खोली आवरली, बुटांचं खोकं गेलं कचऱ्यात. त्याआधी त्याच पोरानं निम्मी कार्डं कपड्याच्या चिमट्यानं सायकलच्या चाकात अडकवून, फटफटीचा आवाज काढत गावभर फिरून चोळामोळा केली होती. पण ते कोणी सांगत नाही. बोंब आईच्या नावानं. अरे मेल्यांनो, त्या माउलीनं खोली आवरली म्हणून तर उरलेल्या चार कार्डांना भाव आला! या सगळ्या बाजाराचं भांडवल म्हणजे त्या आयांचा झाडू. लिलाववाल्यांनी दर वर्षी मातृदिनाला त्यांना साडी-चोळी करायला हवी.

आणि उलटा पुरावा हवा? तोही आहे. ऐंशीच्या दशकात जुन्या कार्डांच्या किमती वर्तमानपत्रांत यायला लागल्या, आणि अख्खा देश शहाणा झाला. आता कोणी काही टाकेना. बाप पोराच्या जन्माबरोबर खोकीच्या खोकी विकत घेऊन माळ्यावर ठेवी: याचं कॉलेज यातून होणार. तिकडे १९८० च्या एका कोर्टनिकालामुळे टॉप्सची मक्तेदारी मोडली. १९८१ पासून फ्लीअर आणि डॉनरस आल्या, १९८९ मध्ये अपर डेक आली. सगळ्यांची छापयंत्रं रात्रंदिवस धडधडत. किती छापलं याचा हिशेब लोकांना कोणी देईना. सगळ्यांनी घेतलं, सगळ्यांनी जपलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, हात धुऊन हाताळलं. परिणाम? त्या काळच्या मालाला आज ‘जंक वॅक्स’ म्हणतात. पाकिटं मेणकागदाची असत, म्हणून वॅक्स. जंक का ते वेगळं सांगायला नको. त्यातली बरीचशी खोकी आजही, सील न फोडलेली, तेव्हाच्या किमतीच्या आसपास मिळतात. महागाई धरली तर त्या बापाचा पैसा निम्म्याच्याही खाली आला. पोराचं कॉलेज कर्जावर झालं.

त्याच काळातलं एक प्रकरण मात्र कानात सांगण्यासारखं. आजूबाजूला मुलं नाहीत ना? १९८९ चं फ्लीअरचं कार्ड, बाल्टिमोरचा बिली रिपकन. बॅट खांद्यावर टाकून उभा, चेहरा कसा गरीब गाईसारखा. आणि बॅटच्या बुडावर, ठसठशीत अक्षरांत, चार लोकांत उच्चारू नये अशी इंग्रजी शिवी! छायाचित्रकाराला दिसली नाही, कंपनीत कोणाला दिसली नाही, छापखान्यात दिसली नाही. दिसली ती पोरांना. मग जी धावपळ झाली! कंपनीनं कधी पांढरा फासला, कधी काळा चौकोन ठोकला, कधी नुसतंच गिरगटलं. आणि हावरटांनी काय करावं? प्रत्येक लपवाछपवीचा एकेक नमुना गोळा करायला सुरुवात केली! पुढे वीस वर्षांनी रिपकननं कबूल केलं, की सरावाची बॅट चटकन ओळखू यावी म्हणून आपणच ते लिहिलं होतं. ओळखायला नाव लिहायचं होतं ना बाबा. आडनाव काय वाईट होतं?

आता कांदेपोह्यांचा कार्यक्रम ऐका. कार्ड नुसतं असून भागत नाही, ते दाखवावं लागतं. पीएसए, एसजीसी अशा कंपन्यांकडे पैसे भरून पाठवायचं. तिथले परीक्षक कोपरे बघणार, कडा बघणार, कांती बघणार, चित्र मधोमध आहे की जरा कलतंय ते बघणार, आणि एक ते दहा गुण देऊन प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं सीलबंद करणार. नऊ आणि दहा यांत साध्या डोळ्याला फरक दिसत नाही, पण किमतीत कधी कधी दहापट पडतो. साथीच्या काळात घरी बसलेल्या लोकांनी इतकी कार्डं पाठवली, की मार्च २०२१ मध्ये पीएसएनं बहुतेक नवी पाकिटं घेणंच थांबवलं. लाखो स्थळं खोळंबली.

आणि या परीक्षेची बोहनी कशानं झाली, ते तर विचारूच नका. होनस वॅग्नर, पिट्सबर्गचा खेळाडू. १९०९ च्या सुमाराला तंबाखू कंपनीनं सिगारेटच्या पाकिटांतून कार्डं काढली. वॅग्नर आपलं चित्र छापू देईना. लहान पोरांनी त्यापायी सिगारेटी घेऊ नयेत म्हणून, असं त्याचे भक्त सांगतात. पैसे हवे होते, असं बाकीचे. स्वतः तंबाखू चघळायचा, एवढं खरं. छपाई थांबली, आणि आज साठेक कार्डं उरली आहेत. त्यातलं सगळ्यात देखणं कार्ड १९९१ मध्ये आइस हॉकीचा सम्राट वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या भागीदारानं ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं. पीएसएनं क्रमांक एक म्हणून हेच तपासलं आणि आठ गुण दिले. पुढे ते बक्षीस म्हणून वाटलं गेलं. टपाल खात्यातल्या एका बाईंना लागलं, आणि कर भरायला पैसे नाहीत म्हणून त्यांना ते विकावं लागलं! २००७ पर्यंत भाव २८ लाखांवर. आणि २०१३ मध्ये बिल मास्त्रो या बड्या लिलाववाल्यानं कोर्टात कबुली दिली, की त्या कार्डाच्या कडा आपण कापून सरळ केल्या होत्या. चेहरा रंगवून स्थळ खपवलं म्हणा की! बाजार कोसळला असेल? छे. त्या कार्डाची कीर्ती आणखीच वाढली.

या सगळ्यांत मला आवडतो तो जेफरसन बर्डिक. सिराक्यूजचा साधा माणूस, सांधेदुखीनं बोटं वाकलेली. तंबाखूपासून मिठाईपर्यंत मिळेल ती कार्डं जमवली, त्यांची यादी केली. वॅग्नरच्या मालिकेला जाणकार आज टी-२०६ म्हणतात, तो क्रमांक याचाच. सगळा संग्रह, तीन लाखांवर नग, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला फुकट देऊन टाकला, आणि वर्षानुवर्षं तिथे बसून स्वतःच्या हातानं वह्यांत चिकटवला. हो, चिकटवला! १९६३ मध्ये काम संपलं आणि दोन महिन्यांत तो गेला. डबीवाल्या मंडळींना हे ऐकून घेरी येते.

त्यांचे स्वतःचे चाळे काय कमी आहेत? ‘ब्रेक’ म्हणून एक प्रकार आहे. कॅमेऱ्यासमोर एक जण खोकं फोडणार, बघणाऱ्यांनी आधीच पैसे भरून एकेक संघ घेतलेला. आपल्या संघाचं जे निघेल ते आपलं, नाही निघालं तर हात हलवत झोपायला जा. आमच्या गल्लीत कोणी असं सुरू केलं असतं तर चौकीवर वर्दी गेली असती.

पण आकडा लागतो हो कोणाला तरी. २०२४ च्या नाताळात लॉस एंजेलिसच्या एका अकरा वर्षांच्या पोराला भेट मिळालेल्या पाकिटांत पॉल स्कीन्स या पिट्सबर्गच्या नव्या गोलंदाजाचं, जगात एकच असलेलं कार्ड मिळालं. सही आणि पदार्पणाच्या सामन्यातल्या शर्टावरचा बिल्ला, दोन्ही त्यावर. संघानं देऊ केलं: तीस वर्षं मैदानात पुढच्या दोन खुर्च्या. स्कीन्सच्या मैत्रिणीनं, समाजमाध्यमांवरच्या नामांकित जिम्नॅस्टनं, शेजारी बसून सामना पाहायचं निमंत्रण दिलं. पोरानं आणि घरच्यांनी सगळ्याला नको म्हटलं, आणि मार्च २०२५ मध्ये लिलावात ११ लाख १० हजार डॉलर घेतले. अकरा वर्षांचा! या वयात आम्हाला सुट्टे पैसे सांभाळता येत नव्हते.

तर, भाव टिकतो का? जुन्या, मोजक्या कार्डांचा टिकलाय, तोही हेलकावे खात. शेजारच्या बास्केटबॉलचं बघा: मायकेल जॉर्डनचं १९८६ चं दहा गुणांचं कार्ड जानेवारी २०२१ मध्ये ७ लाख ३८ हजारांना गेलं, आणि वर्षभरात तसंच दुसरं दोन लाखांच्या आसपास आलं. दोन्ही कार्डं अगदी सारखी, पण पहिल्याचा मालक रात्री झोपतो कसा कोण जाणे. विकताना लिलाववाल्याचा वाटा निघतो, वर अमेरिकेत अशा हौशी वस्तूंच्या नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत कर. आणि दुकानातून आज घेतलेलं चकचकीत पाकीट? त्यावर ‘जपून ठेवा’ असं न लिहिताही सगळे जपूनच ठेवताहेत, हीच त्याची पनवती.

नातवाला नाद लागलाच असेल तर पाकिटं फोडू नये, हवं ते एकेकटं कार्ड पारखून घ्यावं. आवडत्या संघाचं, ज्याचा खेळ पाहिलाय त्याचं. सुरुवातीला मी रिपकनचंच सुचवीन. उघड्या शिवीचंसुद्धा थोड्या डॉलरांत येतं, इतकं छापलंय. फक्त ते दिवाणखान्यात लावताना, आजीला इंग्रजी वाचता येत नाही असं गृहीत धरू नये.