माझा आज्ञाधारक डबा

आमच्या घरात माझं कुणी ऐकत नाही, हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. मुलाला ‘अभ्यासाला बस’ म्हटलं की तो जेवायला बसतो, आणि मी पंख्याचं म्हणून जे बटण दाबतो त्यानं हटकून दिवा लागतो. त्यामुळे १९९६ साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मी जुना, सेकंदाला २४०० बिटांचा मोडेम पैदा केला, पुण्याला आणून फोनला जोडला, कीबोर्डवर ‘एटी’ टाइप करून एंटर मारलं आणि पडद्यावर ‘ओके’ उमटलं, तेव्हा माझे डोळे भरून आले. लग्नानंतर मला मिळालेला तो पहिला ओके होता.

‘एटी’ म्हणजे अटेन्शन, सावधान! ही भाषा अमेरिकेत डेनिस हेज यांच्या कंपनीनं १९८१ च्या मोडेमसाठी काढली आणि पुढे बाकीच्यांनीही तीच उचलली. ‘एटीडीटी’ लिहून पुढे नंबर दिला की डबा फोन लावतो, ‘एटीएच’ म्हटलं की ठेवतो. बोलणं चालू असताना त्याचं लक्ष वेधायचं तर आधी एक सेकंद गप्प बसायचं, मग अधिकची तीन चिन्हं द्यायची, पुन्हा एक सेकंद गप्प बसायचं. बोलण्याआधी आणि बोलून झाल्यावर गप्प बसणं मला संसारात कधी जमलं नाही, तिथे मोडेमपुढे काय जमणार?

आता हे सगळं कशासाठी, तर मित्राकडून फायली आणायला. मित्र कोथरूडातच, स्कूटरवर सात मिनिटांवर. एक भरलेली फ्लॉपी २४०० च्या मोडेमनं यायला पावणेदोन तास लागतात, हा हिशेब बायकोनं मांडला आणि मी तो वैज्ञानिक दृष्टीचा अभाव म्हणून सोडून दिला.

मित्र रात्री अकरानंतर त्याचा मोडेम फोन आपोआप उचलण्याच्या बेतानं लावून झोपायचा. पण माझा डबा फोन लावताना असा काही किंचाळायचा की सासूबाई उठून दूध उतू गेलं का बघायच्या. म्हणून मी ‘एटीएम०’ देऊन त्याची वाचाच बंद केली आणि क्यूबेसिकमध्ये दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला: फोन लाव, ‘कनेक्ट’ आलं तर थांब, नाही आलं तर ठेव, एक मिनिट दम घे, पुन्हा लाव. किती वेळा, ते लिहायचं राहिलं. मी झोपलो.

सकाळी बघतो तर पडदाभर एकाखाली एक ‘नो कॅरिअर’. हेच मत माझ्या वडिलांनी मी बारावीत असताना दिलं होतं, पण त्यांनी ते एकदाच दिलं होतं.

दुधाच्या रांगेत समोरच्या इमारतीतले काका भेटले. डोळे लाल. म्हणाले, “रात्रभर कुणीतरी फोन करतंय रे. उचलला की बोलत नाही. मी हॅलो म्हणतो, शिव्या देतो, शेवटी रामरक्षा म्हटली. हूं नाही की चूं नाही.” मला भडभडून आलं. लोकांना काही लाजच उरलेली नाही, असं म्हणून मी त्यांना झोपताना रिसीव्हर काढून ठेवायला सांगितला.

त्या रात्री पडदाभर ‘बिझी’. मी उजाडताच मित्राच्या घरी धडकलो आणि चहा घेता घेता, त्याच्या बायकोसमोर, विचारलं, “काय रे, रात्रभर कुणाशी बोलत होतास?” चहाचा कप माझ्या हातातून अर्धाच परत गेला.

दोन दिवसांनी काकांनी मला दुधाच्या कुपनामागे आपला नंबर लिहून दिला. “सल्ला देणारा माणूस आहेस, असू दे.” नंबर ओळखीचा वाटला. घरी येऊन प्रोग्रॅम उघडला. शेवटचे दोन आकडे मी उलटे लिहिले होते. मोडेम पलीकडच्या मोडेमच्या शिट्टीसाठी कान टवकारून बसलेला, काकांची रामरक्षा त्याच्या लेखी नुसती खरखर, आणि ती मला ऐकू येण्याची सोय मी स्वतःच्या हातानं बंद केलेली.

गेलो काकांकडे. कबूल करायलाच गेलो होतो. तोंडातून निघालं, “काका, आज रात्री फोन येणार नाही.”

“तुला काय माहीत?”

“वाटतंय तसं.”

नाही आला. पुढेही कधी आला नाही. माझी वाचा सिद्ध आहे असं काकांनी गल्लीभर सांगितलं, आणि रविवारी सकाळी एक गृहस्थ मुलाची पत्रिका घेऊन दारात उभे. मुलाला काही करिअर आहे का, विचारत होते.