फिटिंगांचे नामजोशी

प्रत्येक सोसायटीत एक नामजोशी असतात. आडनाव कुलकर्णी असो की शिंदे, धंदा नामजोशाचाच. कुणाकडे सुट्या भागांचं कपाट आलं, की चहाच्या आधी हे हजर. पुड्या फोडून एकेक वस्तू तळहातावर घ्यायची आणि तिचं बारसं करायचं: ही कॅम, हे डॉवेल, हा कन्फर्मॅट, हा बॅरल नट. यजमान भारावतो, कारण त्याच्या लेखी जगात दोनच वस्तू असतात, स्क्रू आणि 'ते गोल-गोल'. पण कपाट उभं करण्याच्या कामी नामजोशींचा उपयोग जवळजवळ शून्य, असं माझं स्पष्ट मत आहे.

हार्डवेअरच्या दुकानात ते भारदस्त आवाजात "मिनीफिक्स द्या" म्हणतात. पोऱ्या मान वर न करता विचारतो, "काका, कॅम पंधराची की बाराची? बोल्ट चोवीसचा की चौतीसचा? बोर्ड किती एमएम?" काका गप्प. मिनीफिक्स हे मुळात हेफेले या जर्मन कंपनीच्या मालाचं नाव, ते आता सगळ्या जातीलाच चिकटलंय. त्यावरून घराणं तेवढं कळतं. मागे उभा असलेला 'गोल-गोल'वाला मात्र खिशातून रुमालात बांधलेली जुनी कॅम काढतो, पोऱ्या ती व्हर्नियरमध्ये धरतो, 15 मिमी, आणि डबा उघडतो. बसवतानाही तेच. कॅमच्या तोंडावर बहुधा बारीक बाण असतो. तो बोल्टच्या भोकाकडे करून मगच कॅम आत दाबायची; नाहीतर बोल्टचं डोकं खोबणीत शिरत नाही आणि स्क्रूड्रायव्हर नुसता फिरत राहतो. बॅरल नटच्या टोकावरची खाचही आतल्या आट्यांची दिशा दाखवते. हे सगळं त्या वस्तूवरच कोरलेलं असतं, चष्मा लावून पाहिलं तर दिसतं. नामजोशी तोवर पुढच्या पुडीच्या बारशाला गेलेले असतात.

कुणी म्हणेल, फोनवरून मागवायचं तर नाव हवंच. आणि जो भाग खोक्यातून आलाच नाही, त्याचा नमुना कुठून आणणार? रास्त आहे. पण भाग हरवला तरी त्याचं भोक जागेवर असतं. फळीच्या सपाटीवर 15 मिमीचं, आरपार न गेलेलं भोक आणि कडेतून त्यात उतरणारं दुसरं बारीक भोक दिसलं, की तिथे कॅमच बसणार हे सांगायला पंडित लागत नाही. व्यास, खोली आणि काठापासूनचं अंतर टिपून न्यावं. आयकियाच्या जोडणीच्या पुस्तिकेत तर नावांची भानगडच नाही, नुसतं चित्र आणि शेजारी आकडा. (नामजोशींना ती पुस्तिका अपुरी वाटते.) नावाचं काम दुकानदाराला योग्य खणाकडे वळवण्यापुरतं, पुढचा मामला मिलिमीटरांचा. एवढ्यावरून नामजोशींना घालवून मात्र देऊ नये. कॅम फिरेपर्यंत फळ्या उभ्या धरायला कुणीतरी लागतंच, आणि त्यांचं तोंड कितीही गुंतलेलं असलं तरी दोन्ही हात रिकामे असतात.