आकडा राहू द्या, रेणू सांगा

नागझिऱ्याच्या जंगलात वाघ झाडाच्या बुंध्यावर फवारा मारून पुढं जातो आणि मागं सुवासिक भात शिजल्यासारखा वास रेंगाळतो. हा भास नव्हे. कोलकात्याचे संशोधक रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये त्यामागचा रेणू जाहीर केला : २-ॲसिटिल-१-पायरोलिन. बासमतीला वास देणारा रेणू तोच. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या ज्या घरात चिन्नोर तांदूळ शिजतो, तिथल्या माणसाला या वासाची वेगळी ओळख करून द्यायला नको. वाघाच्या फवाऱ्यात स्निग्ध पदार्थही असतात. ते या रेणूला धरून ठेवतात, म्हणून वास लगेच उडून जात नाही.

रेणूनं रेणूला असं धरणं म्हणजे पक्का बंध नव्हे, नुसती ओढ. पण डीएनएचे दोन पेड याच ओढीवर एकत्र राहतात आणि औषध शरीरातल्या प्रथिनात जाऊन बसतं तेही बहुतेकदा तिच्याच बळावर. या ओढीचा हिशेब मांडण्यात पुण्याचे रसायनशास्त्रज्ञ श्रीधर गद्रे यांनी कारकिर्दीतली बरीच वर्षं घातली. रेणूभोवती विद्युत-विभव कुठं धन आहे, कुठं ऋण, याचा नकाशा काढला की दुसरा रेणू कुठल्या बाजूनं येऊन बिलगेल ते कळतं. रेणू फार मोठा असेल तर त्याचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे कापायचे, एकेकाचं गणित सोडवायचं आणि मग ते पुन्हा जोडायचे. पद्धतीच्या नावातच ‘टेलरिंग’ आहे.

गद्रे यांना विज्ञानातला भटनागर पुरस्कार मिळाला १९९३ मध्ये. शोधनिबंधांना मिळालेल्या संदर्भांवरून संशोधकाला मोजणारा आकडा, एच-इंडेक्स, आला २००५ मध्ये. म्हणजे ज्यांनी त्यांची पारख केली, त्यांच्या हातात तो आकडा नव्हता. तरी पारख चुकली नाही.

आज संशोधकाची ओळख करून देताना आधी साइटेशन, म्हणजे त्याच्या निबंधांना मिळालेले संदर्भ, सांगतात. जगात सर्वाधिक संदर्भ मिळालेला शोधनिबंध लाउरी आणि सहकाऱ्यांचा, १९५१ चा. संदर्भ तीन लाखांहून अधिक. त्यात आहे प्रथिनं मोजायची एक सोयीची रीत. हा काही थोर निबंध नव्हे, हे खुद्द लाउरी यांनीच मान्य केलं होतं. उलट वाघाच्या वासावर काम करणारे जगात मोजके, मग त्या कामाचे संदर्भ वाढणार कुठून? आकडा गर्दी मोजतो. त्यावर बढती ठरवणं हा अभ्यासू माणसावर अन्याय आहे, आणि तो आपल्या महाविद्यालयांत रोज होतो.

निवड समितीवर बसणाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या मुलाखतीत उमेदवाराच्या हाती खडू द्या, तुम्हाला काय सापडलं ते फळ्यावर दाखवा म्हणा, आणि दहा मिनिटं नीट ऐका.