पहिलाच भारी होता

किनवटमध्ये खताची टंचाई पडते, विजेची पडते, पार्टभाऊंच्या मताची कधी पडत नाही. त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाण्याची पिशवी ते पक्क्या बिलाशिवाय देत नाहीत, पिक्चरचा निकाल मात्र मागायच्या आधीच देतात. खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे. 'पार्टभाऊ' हे नाव गावानं ठेवलेलं, कारण कुठल्याही पिक्चरचा दुसरा, तिसरा, चौथा पार्ट पाहून आले की त्यांचा शेरा एकच, "पहिलाच भारी होता."

असा माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावी एक तरी असतोच. आमच्या भाऊंचं ओझं जरा जास्त आहे. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं. राज्यांची पुनर्रचना झाली आणि तालुका नांदेडला जोडला गेला, पिक्चरची आवड मात्र तिकडेच राहिली. त्यामुळे भाऊंना हिंदी, तेलुगू आणि इंग्रजीचं हिंदी डबिंग अशा तीन आघाड्या सांभाळाव्या लागतात. शिवाय लोकांच्या शंका. 'क्रिश ३' २०१३ साली आला, तेव्हापासून एक गिऱ्हाईक दर हंगामाला विचारतं, "भाऊ, क्रिश २ कधी लागला होता? माझा हुकला." मग भाऊ तूर तोलता तोलता समजावतात, की २००३चा 'कोई मिल गया' हा पहिला, २००६चा 'क्रिश' हाच दुसरा, म्हणून पुढचा तिसरा. गिऱ्हाईक मान हलवतं आणि पुढच्या मृगाला पुन्हा विचारतं.

७ जुलै २०२२ला 'थॉर: लव्ह अँड थंडर' आपल्याकडे लागला, अमेरिकेच्या एक दिवस आधी. भाऊंना याचा कोण अभिमान! पण जुलै म्हणजे सोयाबीन नुकतं उगवलेलं आणि युरियासाठी दारात माणसं. अशा दिवसांत शटरवर कागद चिकटला, 'मालक कामानिमित्त नांदेडला गेले आहेत.' काम म्हणजे थ्रीडी शो. इस्लापूर, हिमायतनगर, भोकर करत एसटीनं जायचं, पिक्चर पाहायचा, शेवटची नावंही बसून पाहायची, कारण नावांच्या मध्ये आणि शेवटी एकेक सीन असतो हे भाऊंना पाठ. थिएटरचा झाडूवाला येऊन उभा राहिला तरी भाऊ उठत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुकानात दरबार भरला. भाऊ डीएपीच्या पोत्यावर बसले.

"विजेचा देव हाय तो! अन् त्याच्या जहाजाला काय, तर दोन बोकडं. ती बी सारखी माणसावानी किंचाळतेत."

"मंग?"

"मंग काय, पब्लिक हसायली ना! त्याची कुऱ्हाड हातोड्यावर जळते, सवतीवानी. अन् हा तिला बिअर पाजून मनवतो. इकडं त्याची मैत्रीण जेन कॅन्सरनं चालली, तिकडं बोकडं बोंबलायलेत. माणसानं हसावं का रडावं?"

इथे भाऊंचं चुकलं असं मला वाटत नाही. मोठमोठ्या समीक्षकांनीही इंग्रजीत हीच तक्रार केली होती, फरक इतकाच की त्यांना मधेच उठून कुणाला फवारणीचं औषध काढून द्यावं लागलं नव्हतं. दिग्दर्शक टायका वैतिती यांनी या खेपेला विनोदाचा हात जरा सैल सोडलाच.

"याच्या आधीचा पाह्यजे होता तुम्ही," भाऊ म्हणाले, "रॅग्नारोक! काय बॅलन्स होता!"

यावर दुकानात कुजबुज झाली. कारण २०१७ साली 'रॅग्नारोक' पाहून आल्यावर याच पोत्यावरून भाऊंनी सांगितलं होतं, की हातोडा फुटला, बाप गेला, केस कापले आणि तरी हा देव जोक मारतो, काही अर्थ नाही, पहिलाच भारी होता. भाऊंचा 'पहिला' दर पार्टला एक घर पुढे सरकतो, हे कुणी तोंडावर बोलत नाही. उधारी असते.

त्यांचं मूळ दुखणं वेगळंच आहे. देवानं देवासारखं राहावं. उडावं, वीज पाडावी, शत्रू मारावा, पण हसं करून घेऊ नये.

तेवढ्यात युरियासाठी थांबलेले एक म्हातारे गोंड मामा म्हणाले, "भाऊ, दिवाळीत आमची दंडारी नाचत येते. त्यातल्या गुसाडीच्या पाया पडता का नाही?"

"पडतो ना."

"अन् त्याचे चाळे पाहून हसता का नाही?"

मोरपिसांचा थोरला टोप, अंगाला राख, खोटी दाढी, हातात सोटा असा गुसाडी आला की पोरं घाबरून आईमागे लपतात आणि दुसऱ्या क्षणी त्याच्या नकला पाहून खिदळतात. याच नाचासाठी पलीकडे तेलंगणातल्या मारलवाईच्या कनक राजूंना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. देव अंगात आणि थट्टा तोंडात, यात आमच्या भागात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

"ते अलग," भाऊ म्हणाले. "ते पहिल्यापासून तसंच हाय."

मग मला राहवलं नाही. म्हटलं, भाऊ, थॉरही पहिल्यापासून तसाच आहे. मार्व्हलच्या कॉमिकात तो १९६२ साली आला, पण त्याच्या गोष्टी आइसलँडमध्ये तेराव्या शतकातच लिहून ठेवलेल्या आहेत. तिथेही त्याच्या रथाला दोन बोकडच आहेत. रात्री तो ते कापून खातो आणि सकाळी हातोडा फिरवून पुन्हा जिवंत करतो, फक्त हाडं मोडायची नाहीत. एकदा त्याचा हातोडा राक्षसानं पळवला, तेव्हा हा दाढीवाला देव नवरीचा शालू नेसून, तोंडावर पदर घेऊन राक्षसाच्या मांडवात गेला आणि तिथे एक अख्खा बैल आणि आठ मासे खाऊन बसला.

दुकान हसलं. मामा तर पोत्याला टेकले. भाऊ मात्र गंभीर. बराच वेळ विचार करून म्हणाले, "म्हंजे खरा पहिला पार्ट तो. मंग तोच भारी असन."

'लव्ह अँड थंडर'च्या शेवटी पडद्यावर 'थॉर परत येईल' असं लिहून येतं. भाऊंनी ते वाचलेलं आहे. तेव्हा किनवट भागातल्या शेतकरी बांधवांना एकच विनंती: थॉरचा पुढचा पार्ट लागायची तारीख पेपरात आली, की युरिया आदल्या दिवशीच उचलून ठेवा.